वाचकांचे प्रश्न : गर्द, श्वास आणि सोडल्यानंतरचे दिवस

दारूच्या व्यसनाविषयी या सदरात लिहिल्यानंतर गर्दविषयीची इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाखेरीज इतर तपशील गाळले आहेत आणि लांब पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात कपडे धुवायला काढताना त्याच्या पँटच्या खिशात काळे डाग पडलेली चंदेरी पन्नी आणि कागदाची बारीक सुरळी मिळाली. खूप विचारल्यावर, वर्षभरापासून ब्राउन शुगर घेत असल्याचे त्याने कबूल केले. तो म्हणतो, ‘आई, मी काही सुई टोचून घेत नाही. नुसती ओढतो. त्याने काही होत नाही.’ तो फार वाळला आहे आणि सकाळी उठला की नाक गळत असते, सारख्या जांभया देतो. मी कोणावर विश्वास ठेवू?
– एक आई, कल्याण

उत्तर : ताई, सुई न वापरल्यामुळे सुईतून पसरणाऱ्या संसर्गांपासून तो वाचतो, एवढेच तुमच्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘काही होत नाही’ हे मात्र खरे नाही. ते का खरे नाही, हे तुम्हाला त्याच्याशी शांतपणे बोलता यावे इतक्या तपशिलाने सांगतो.

ब्राउन शुगर, गर्द, पावडर ही सारी हेरॉइनच्या अशुद्ध, तपकिरी भुकटीची नावे आहेत. अफूतील मॉर्फीनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन प्रथम १८७४ साली लंडनमध्ये तयार करण्यात आले आणि १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. हा इतिहास मुद्दाम सांगतो, कारण ज्या गुणामुळे त्या औषधाने खोकला थांबत असे, त्याच गुणामुळे आज माणसे दगावतात. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडलेल्या भागात खोकल्याचे आणि श्वासाचे नियंत्रण होते आणि हेरॉइन ही दोन्ही कामे मंदावते. आपण गाढ झोपेत असतानाही श्वास चालू राहतो, तो रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या या भागाकडून छातीच्या स्नायूंना आदेश जातो म्हणून. हेरॉइनच्या अमलाखाली हा आदेश उशिरा आणि दुबळा जातो, आणि मात्रा जास्त झाली तर जातच नाही. धूर ओढला काय किंवा सुई टोचली काय, अंमल होतो तो मेंदूच्या याच भागावर, आणि फुप्फुसांच्या वाटेनेही पदार्थ तेथे काही सेकंदांतच पोहोचतो. सुईने घेणाऱ्यांमध्ये अतिमात्रेचे मृत्यू अधिक होतात हे खरे, परंतु नुसते ओढणारेही त्याने मरतात, विशेषतः सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर.

त्यातच पुडीत हेरॉइन किती आहे, हे घेणाऱ्याला आणि बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कालची पुडी आणि आजची पुडी दिसायला सारखीच असते, पण जोर मात्र निराळा असतो. भेसळीत पॅरासिटामॉल, कॅफीन, क्लोरोक्वीन आणि कधी कधी झोपेच्या गोळ्यांची पूडही सापडते. झोपेच्या गोळ्याही श्वास मंदावतात, म्हणजे एका पुडीत एकाच दिशेने ओढणारी दोन विषे असू शकतात.

धुराचे स्वतःचे दुष्परिणाम वेगळेच आहेत. वर्षानुवर्षे गर्द ओढणाऱ्यांमध्ये दमा बळावतो आणि एरवी साठीच्या माणसांमध्ये दिसणारा श्वासनलिकांचा आजार तिशी-चाळिशीतच आढळतो. जिना चढताना थांबावे लागणारी तरुण मुले मी बाह्यरुग्ण विभागात पाहतो, तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांवर पन्नीचे चटके आणि छातीत शिट्टीसारखा आवाज हे दोन्ही बहुधा सोबतच असतात. पन्नीवर तापवलेल्या हेरॉइनच्या धुरामुळे मेंदूच्या आतील पांढऱ्या भागाला इजा होऊन बोलणे जड होते, तोल जातो आणि पुढे हातपाय ताठरतात, असा एक आजार १९८२ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी नोंदवला. तो विरळा आहे, पण होतो तो नेमका नुसत्या ओढणाऱ्यांनाच.

तुमचा मुलगा वाळला, त्याचीही कारणे साधी आहेत. गर्दने भूक मरते, आतड्यांची हालचाल मंदावून कित्येक दिवस शौचास होत नाही, आणि हातात येणारा पैसा जेवणाआधी पुडीकडे जातो. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण घटून लैंगिक इच्छा कमी होते, स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. लाळ कमी झाल्याने दात किडतात. ही हानी हळूहळू होते आणि तिच्यातील बरीचशी, व्यसन सुटल्यावर भरूनही निघते.

सकाळचे गळणारे नाक आणि जांभया म्हणजे मुले जिला ‘टर्की’ म्हणतात तिची सुरुवात आहे. शेवटच्या मात्रेनंतर साधारण आठ ते बारा तासांत ती सुरू होते. डोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे, हाडे ठणकणे, पोटात पेटके, उलट्या-जुलाब, पाय सारखे झाडावेसे वाटणे आणि झोपेचा पूर्ण अभाव अशी ती वाढत जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात बहुतांशी ओसरते. याचा अर्थ असा, की तुमचा मुलगा आता मजेसाठी पुडी घेत नसून हा त्रास टाळण्यासाठी घेतो आहे. म्हणूनच शपथ घालून, मारून किंवा खोलीत कोंडून हे सुटत नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटले तर कोंडलेल्या मुलाच्या जिवावरही बेतू शकते. हाच त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी पुष्कळ सुसह्य करता येतो.

तुम्ही एकट्या नाही, हेही सांगायला हवे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थांमध्ये सर्वाधिक प्रमाण हेरॉइनचे आढळले. १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १.१४ टक्के लोक ते घेत होते. मुंबई-पुण्याला तर हा प्रश्न ऐंशीच्या दशकापासून परिचित आहे. त्या साथीतूनच डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले. आज जिल्हा रुग्णालयांच्या आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतही यावर उपचार होतात. कोठे जावे हे कळत नसेल तर १४४४६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुलाशी बोलताना सकाळची वेळ टाळावी, कारण टर्कीत असलेल्या माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही. आणि त्याने खरे सांगितले म्हणून त्याला शिक्षा होणार नाही, हे त्याला तुमच्या वागण्यातून कळू द्यावे.

प्रश्न : वसतिगृहातील काही मित्र म्हणतात, की एकदा घेऊन पाहिल्याने कोणी व्यसनी होत नाही. हे खरे आहे का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : एकदा घेतलेला प्रत्येक जण व्यसनी होत नाही. पण तू प्रश्न व्यसनाचा विचारलास, आणि पहिल्या खेपेचा मोठा धोका व्यसनाचा नसून श्वासाचा आहे. रोज घेणाऱ्याचे शरीर हेरॉइनला सरावलेले असते, तुझे मुळीच नाही. जी मात्रा तुझ्या मित्राला पुरतही नाही, तीच तुला, विशेषतः पार्टीत दारू घेतलेली असताना, बेशुद्ध करू शकते. बेशुद्धीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. कोण पुढे व्यसनी होईल आणि कोण नाही, हे ओळखण्याची कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. मित्रांना नकार देताना कारण सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : माझा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात पंचेचाळीस दिवस राहून नुकताच घरी आला आहे. तब्येत सुधारली आहे, हसतो, जेवतो. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. बाबा म्हणाले, ‘एक व्यसन सोडवले आणि दुसरे लावून दिले,’ आणि त्यांनी ती बंद करायला लावली. नातेवाईकही म्हणतात, आता बरा झाला, आता गोळ्या कशाला? मला मात्र भीती वाटते. मी उगीच घाबरते आहे का?
– एक बहीण, सातारा

उत्तर : नाही, तुमची भीती योग्य आहे. गर्दमुळे ज्यांना मी गमावले, त्यांच्यापैकी अनेक जण व्यसनाच्या ऐन भरात गेले नाहीत. ते गेले केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत, जेव्हा घरात पेढे वाटून झालेले होते.

याचे कारण शरीराच्या सवयीत आहे. रोज हेरॉइन मिळत राहिले की मेंदूतील ग्राही केंद्रे, म्हणजे हेरॉइन जेथे चिकटून परिणाम घडवते त्या जागा, हळूहळू बधिर होत जातात, आणि तोच परिणाम मिळवायला अधिकाधिक मात्रा लागते. नव्या माणसाचा जीव घेईल एवढी मात्रा जुना व्यसनी पचवतो, ती या सवयीमुळे. पुडी बंद झाली की ही सवय काही दिवसांतच उतरू लागते, आणि पंचेचाळीस दिवसांनी तुमच्या भावाचे शरीर जवळजवळ नवख्याचे झालेले आहे. तलफ मात्र अजून गेलेली नाही. ती शरीरात नव्हे तर स्मरणात असते आणि जुना कट्टा, जुना मित्र, पगाराचा दिवस किंवा एखादे भांडण तिला पुन्हा जागे करते. अशा एखाद्या संध्याकाळी तो घसरला आणि हात सवयीने पूर्वीइतकीच मात्रा घेऊन बसला, तर ती त्याच्या श्वासाला झेपणार नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा त्यांचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत १२९ पट होता. तुरुंगाऐवजी केंद्र असले तरी शरीराचे गणित तेच राहते.

आता त्या गोळीविषयी. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती ब्युप्रेनॉर्फिनची असावी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून खात्री करून घ्या. हे औषध हेरॉइन ज्या ग्राही केंद्रांना चिकटते त्यांनाच चिकटते, म्हणून बाबांना ते ‘दुसरे व्यसन’ वाटते. त्यांची शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर रागाने नव्हे तर माहितीने द्यायला हवे. ब्युप्रेनॉर्फिन ती केंद्रे अर्धवटच चालवते. ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा वाढली तरी श्वासावरचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. त्याने टर्की येत नाही, तलफ दबते, आणि केंद्रे आधीच व्यापलेली असल्याने वरून घेतलेल्या हेरॉइनचा जोर पुष्कळ कमी लागतो. अंमल चोवीस तास वा त्याहून अधिक टिकतो, त्यामुळे दर काही तासांनी पुडीच्या मागे धावणारा माणूस सकाळी एक गोळी घेऊन कामावर जाऊ शकतो. शरीराला या औषधाची सवय होते, हे खरे आहे आणि ते लपवू नये. मात्र चोरी, खोटे बोलणे, उपाशी राहणे आणि रस्त्याच्या कडेला बेशुद्ध पडणे हे ज्याला आपण व्यसन म्हणतो, ते या सवयीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारात वापरले जाणारे मेथाडोन ही दोन्ही औषधे २००५ साली आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. या औषधांवर असेपर्यंत रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण, औषधे बंद केलेल्यांच्या तुलनेत, बरेच कमी राहते, हे अनेक देशांतील अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

म्हणून भावाला घेऊन लवकरात लवकर त्याच डॉक्टरांकडे जावे आणि बाबांनाही सोबत न्यावे. मधल्या काळात त्याने पुन्हा काही घेतले असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि घरात उरलेली गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. हेरॉइन अंगात असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतल्यास टर्की एकदम उसळते. नाल्ट्रेक्सोन नावाची दुसरी गोळी पूर्ण सोडलेल्यांसाठी उपयोगी आहे, पण शेवटच्या पुडीनंतर किमान सात ते दहा दिवस गेल्याखेरीज ती देता येत नाही. औषध किती काळ घ्यायचे याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत महिन्यांत नसून वर्षांत असते, आणि ते थांबवायचे झाल्यास अगदी हळूहळू, डॉक्टरांच्या संमतीने थांबवावे. केंद्रातील मुक्काम ही उपचाराची सुरुवात असते. ज्या केंद्रांमध्ये केवळ कोंडून ठेवले जाते, औषधेही दिली जात नाहीत आणि बाहेर पडल्यानंतरचा काहीही बेत आखला जात नाही, त्यांनी रुग्णाला अधिक धोक्यात टाकले असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट तुम्ही भावाशी उघडपणे बोलायला हवी, कितीही जड गेले तरी. ‘तू घसरशील असे मला वाटत नाही, पण घसरलास तर एकट्याने दार लावून घेऊ नकोस, पूर्वीइतके घेऊ नकोस आणि मला लगेच कळव,’ असे सांगण्याने व्यसनाला परवानगी मिळत नाही. बंद दाराआड, सकाळपर्यंत कोणालाही न कळता झालेले मृत्यू मी पाहिले आहेत.

प्रश्न : माझे पती गर्द घेतात. एका रात्री ते विचित्र घोरत होते, घशात पाणी असल्यासारखा आवाज येत होता, ओठ निळसर झाले होते, हाक मारली तरी उठत नव्हते. सासूबाईंनी तोंडात लिंबूपाणी घातले. बऱ्याच वेळाने ते जागे झाले. पोलिसांच्या भीतीने आम्ही कोणालाच बोलावले नाही. पुन्हा असे झाले तर काय करावे?
– एक गृहिणी, नवी मुंबई

उत्तर : वहिनी, ते घोरणे नव्हते. ती अतिमात्रा होती आणि ते वाचले ही नशिबाची गोष्ट आहे. गर्द घेतलेला माणूस गाढ झोपला आणि घोरू लागला की घरच्यांना हायसे वाटते, आणि त्यातच वेळ निघून जातो. बुबुळातील काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, ओठ आणि नखे निळी वा राखाडी पडणे, घशातून गुरगुर येणे आणि श्वास अगदी सावकाश होणे ही लक्षणे ओळखून ठेवा. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो आठ-दहावर आला असेल आणि माणूस उठत नसेल तर क्षणाचाही विलंब करू नये.

प्रथम मोठ्याने हाक मारून खांदे हलवावेत आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळावे. प्रतिसाद नसेल तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर त्यांना एका कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे दुमडावा आणि तोंड किंचित खाली झुकवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल किंवा मधूनच एखादा येत असेल तर डोके मागे करून, नाक चिमटीत धरून, दर पाच-सहा सेकंदांनी तोंडातून श्वास द्यावा. छातीही हलत नाही आणि नाडी लागत नाही असे वाटले तर १०८ वरील व्यक्ती सांगेल त्याप्रमाणे छाती दाबणे सुरू करावे. लिंबूपाणी, दूध, मीठपाणी, कांदा, चपलेचा वास, थंड पाण्याचा मारा यांतील काहीही करू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. सासूबाईंना हे प्रेमाने समजवा, त्यांनी केले ते जीव वाचवण्यासाठीच केले.

रुग्णवाहिका आल्यावर ‘चक्कर आली’ असे सांगू नका. काय घेतले ते खरे सांगा, कारण त्यावर नालॉक्सोन नावाचे नेमके औषध आहे. ते हेरॉइनला ग्राही केंद्रांवरून हटवते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा अंमल साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो आणि तो ओसरल्यावर शरीरात उरलेले हेरॉइन पुन्हा श्वास दाबू शकते. म्हणून ‘आता बरे वाटते, घरी जातो’ असे ते म्हणाले तरी डॉक्टर सोडेपर्यंत रुग्णालयातून हलू नये.

पोलिसांच्या भीतीविषयी. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात हेरॉइनचे सेवन हा गुन्हा आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. हेरॉइनसाठी अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. पतींना उपचाराकडे वळवताना हे कलम त्यांना जरूर सांगा. बरीच माणसे केवळ या भीतीने रुग्णालयाची पायरी चढत नाहीत.

प्रश्न : मी चार वर्षांपूर्वी गर्द पूर्ण सोडली. त्या काळात काही महिने मित्रांसोबत एकाच सुईने घेत होतो. आता लग्न ठरते आहे. मला काहीच त्रास नाही, तरी तपासण्या कराव्यात का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अवश्य कराव्यात, आणि लग्नाआधी कराव्यात. एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि हेपेटायटिस सी हे तिन्ही विषाणू एकाच सुईतून, तसेच सामायिक चमचा, कापूस आणि पाणी यांतूनही पसरतात, आणि वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण देत नाहीत. हेपेटायटिस सी तर यकृत पुरते खराब होईपर्यंत गप्प राहू शकतो. शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी गोपनीय आणि मोफत होते, आणि संसर्ग आढळलाच तर एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचारांच्या केंद्रातून, औषधेही मोफत मिळतात. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणू दाबला गेला की जोडीदाराला लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. हेपेटायटिस बी ची चाचणी नकारात्मक आली तर लस घ्यावी.

हेपेटायटिस सी बाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. पहिली चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची असते. ती सकारात्मक आली म्हणजे विषाणू आजही शरीरात आहे असे सिद्ध होत नाही, कारण काही जणांचे शरीर तो स्वतःच घालवते. त्यासाठी रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणारी आरएनए चाचणी करावी लागते. विषाणू असेल तर २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या मोफत मिळतात. यकृत आक्रसलेले नसेल तर बहुधा बारा आठवड्यांचा उपचार पुरतो, आणि बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात. गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करून विषाणू गेल्याची खात्री करावी. एकदा बरे झाल्याने पुढच्या संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत दाढीचे पाते व दात घासण्याचा ब्रश कोणासोबतही वापरू नये.